तेरा वर्षं आणि सात मात्रा

३० ऑगस्ट २०१९ ला शुक्रवार होता आणि पोळाही होता. टूल या अमेरिकन बँडचा नवा अल्बम त्या दिवशी येणार हे मे महिन्यातच कळलं होतं. अमेरिकेतल्या एका कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी पडद्यावर नुसती तारीख दाखवली होती. मी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. पिठोरी अमावास्या, पोळा. म्हणजे त्या रात्री मी लातुरात नसणार, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी असणार. आणि गावातल्या आमच्या घरात फोनला रेंज नाही.

पोळ्याला गावी न जाणं मला जमणारं नव्हतं. अल्बम दुसऱ्या दिवशी ऐकणंही जमणारं नव्हतं. तेरा वर्षं थांबलो होतो. म्हणून जून महिन्यात गावी गेलो तेव्हा फोन हातात धरून शिवारभर फिरलो आणि जागा हेरून ठेवली. गावाबाहेर माळावर पाण्याची टाकी आहे, तिच्या ओट्यावर पूर्वेला तोंड करून बसलं की बऱ्यापैकी रेंज येते.

या सगळ्याची सुरुवात २००६ ची, तेव्हाच्या औरंगाबादेतली. मी एमएस्सी फिजिक्सला होतो. होस्टेलवर आमच्या वरच्या वर्गातल्या एका मुलाचा भाऊ अमेरिकेत होता, त्यानं येताना ‘टेन थाउजंड डेज’ची सीडी आणली. ते कव्हर मला अजून हाताला जाणवतं. पुठ्ठ्याच्या जाड घडीत दोन भिंगं बसवलेली होती. घडी डोळ्यांसमोर धरायची आणि आतल्या पानांवरची जोडचित्रं भिंगांतून बघायची. सपाट चित्राला एकदम खोली यायची, बँडमधली माणसं कागदातून उठून बसायची. आम्ही सात-आठ जण रांग लावून ते बघत होतो आणि मागे कॉम्प्युटरच्या फुटक्या स्पीकरवर अल्बम चालू होता.

इंग्रजी शब्द मला अर्धेच कळत होते. पण त्या मुलानं सांगितलं की हा गायक, मेनार्ड जेम्स कीनन, आपल्या आईबद्दल गातोय. त्याची आई जवळजवळ सत्तावीस वर्षं लुळी होऊन पडलेली होती, आणि सत्तावीस वर्षं म्हणजे साधारण दहा हजार दिवस. अल्बमचं नाव ते. आमची आजी अंगावरून वारं गेल्यावर चार वर्षं बाजेवर होती. तिचं सगळं आईनं केलं. चार वर्षांत घराचं काय होतं ते मी पाहिलं होतं, त्यामुळे सत्तावीसचा आकडा ऐकून मी गप्पच झालो. त्या रात्री ते गाणं मी तीनदा लावायला लावलं. तिथून मी या बँडचा झालो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा एमपीथ्री प्लेअरमध्ये त्यांचा आधीचा, २००१ चा ‘लॅटरॅलस’ भरून आणला होता. आमचे आण्णा म्हणजे वडील भजनी मंडळात तबला वाजवतात. तरुणपणी गावातल्या एका गुरुजींकडे सहा-सात वर्षं रीतसर शिकले आहेत. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन लहानपणापासून कानावर पडलेला माणूस. त्यांनी विचारलं, “काय आयकलालास रं येवढं डोळे मिटून?” मी एक बोंडकं त्यांच्या कानात दिलं. ‘स्किझम’ चालू होतं.

आण्णांनी तोंड वाकडं केलं नाही, कौतुकही केलं नाही. मांडीवर बोटं ठेवली आणि मोजायला लागले. दोन-तीनदा चुकले, पुन्हा धरलं. मग म्हणाले, “पाच अन् सात. बारा झाल्या बघ. एकतालाच्या मात्रा हायत, तोडल्यात निराळ्या.”

मी ते गाणं तोवर शंभर वेळा तरी ऐकलं असेल. पाच आणि सात कधी ऐकू आले नव्हते. नुसतं काहीतरी अडखळल्यासारखं, ओढल्यासारखं वाटायचं आणि तेच आवडायचं. त्या दिवशी मला कळलं की ज्याला मी ‘फील’ म्हणतो ते मोजता येतं, आणि मोजल्यानं ते कमी होत नाही. मी फिजिक्सचा विद्यार्थी, हे खरं तर मला आधी सुचायला हवं होतं. आण्णांनी मग रूपक शिकवला. तीं तीं ना, धी ना, धी ना. सात मात्रा, तीन-दोन-दोन. आणि रूपकाची गंमत अशी की त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ असते, म्हणजे मोकळी सोडलेली. जिथं वजन पडेल असं कानाला वाटतं तिथंच डग्गा गप्प असतो.

पुढची तेरा वर्षं नवं काहीच आलं नाही.

लातुरात परत आलो, क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो. लातूर पॅटर्न म्हणजे सकाळी सहाची बॅच ते रात्री नऊची बॅच. तिथं ‘रॉक’ म्हटलं की पोरांना भूगोल आठवतो. तरी आम्ही तिघं जमलो: मी, गंजगोलाईत मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक मित्र आणि एक वकील. प्रत्येकाची वाट पाहण्याची माणसं वेगळी. दुकानवाला मेटॅलिका या बँडचा. २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिका बंगळुरूत आली तेव्हा दुकान चार दिवस बंद ठेवून गेला होता. येऊन आठ दिवस त्याचा आवाज बसलेला होता. वकील गन्स अँड रोझेसचा. त्यांचा १९९३ नंतरचा अल्बम २००८ ला आला, पंधरा वर्षांनी, म्हणून तो आम्हाला कायम धीर द्यायचा.

वकिलाचा धीर एका बाबतीत खरंच कामाला आला. टूलचा अल्बम का रखडला याच्या नाना वावड्या होत्या. २०१४ ला बँडच्या गिटारवाल्यानं, अ‍ॅडम जोन्सनं, उघड सांगितलं की २००७ पासून ते कोर्टात अडकले आहेत. एका चित्रकारानं चित्रांच्या श्रेयावरून दावा लावला होता, त्यात विमा कंपनी आडवी आली, आणि विमा कंपनीशीच दुसरं भांडण उभं राहिलं. मी हे आण्णांना सांगितलं. आमचा बांधाचा दावा औशाच्या कोर्टात अकरा वर्षं चालला होता. आण्णांनी पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. “कोर्टात गेलं का? मग त्या मानसांना बोल लावू नको. तारखेला जाऊन आल्यावर तबल्यावर हात बसत न्हाई दोन दिस.”

मला ते पटलं. बाकीचे चाहते बँडला आळशी म्हणत होते, गायकाला द्राक्षबागेपायी गाणं विसरला म्हणत होते. कीननची अ‍ॅरिझोनात खरोखरच द्राक्षबाग आहे, तो स्वतः वाइन करतो. पण आमच्याकडे बाग म्हणजे काय असतं हे माहीत असलेला माणूस त्याला हसणार नाही. छाटणी थांबत नाही कुणासाठी. तो दावा २०१५ ला निकाली लागला. आम्हाला वाटलं, झालं, आता आलाच.

आला नाही. २०१६ आलं.

२०१६ च्या उन्हाळ्याबद्दल लातूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. पाण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते देशभर दाखवलं गेलं. त्यामागची रात्रीची रांग कुणी दाखवली नाही. आमच्या गल्लीत टँकर रात्री दीड-दोनला यायचा, कधी चारला. नंबर लावून घागरी मांडायच्या आणि त्यांच्याजवळ बसायचं, कारण उठलं की घागर मागे सरकते. मी कानात टूल लावून बसायचो. सगळे अल्बम पाठ झाले होते, त्यामुळे ऐकता ऐकता बोटं आपोआप प्लास्टिकच्या घागरीवर चालायची. रिकामी घागर पोटातून बोलते, टँकर आल्यावर तिच्यात पाणी चढू लागलं की आवाज बदलत बदलत बारीक होत जातो. एके रात्री मी अर्ध्या भरलेल्या घागरीवर ‘लॅटरॅलस’च्या शीर्षकगीताचा भाग धरत होतो. त्या गाण्यात शब्दांची अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढत जातात, फिबोनाचीच्या क्रमानं. माझ्या पुढच्या नंबरची मावशी वळून म्हणाली, “सर, थांबू नका, झोप येत नाही मग.” मी थांबलो नाही. मला वाटतं, त्या उन्हाळ्यात माझा कान खरा तयार झाला.

लोक विचारायचे, नवं काही ऐकत का नाहीस. ऐकायचो की. पण एका बँडचे चारच अल्बम दहा-बारा वर्षं ऐकत राहिलं की त्यातला एकेक माणूस वेगळा ऐकू यायला लागतो. आधी गायक ऐकू येतो, मग गिटार, मग बेस. ड्रमवाला डॅनी केरी मला सगळ्यात शेवटी नीट ऐकू आला. तो अलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलेला आहे हे वाचलं तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, आनंद मात्र झाला.

तर पोळ्याची आदली रात्र. संध्याकाळी खांदेमळणी झाली. तात्यांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, देवणी बैलजोडीच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या” म्हणून कानात सांगितलं. पाऊस त्या वर्षी कमीच होता, गावातल्या निम्म्या गोठ्यांत जोडी राहिली नव्हती. तात्यांनी मागचा उन्हाळा कडबा विकत घेऊन काढला, पण बैल विकले नाहीत. साडेअकराला मी बॅटरी घेऊन टाकीकडे निघालो. तात्यांनी विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, “इच्चू-काट्याचं बघून बस.”

बारा वाजून दोन-तीन मिनिटांनी अल्बम दिसायला लागला. ‘फिअर इनॉक्युलम’. सगळा मिळून शहाऐंशी मिनिटांचा. मी आधी पूर्ण उतरवून घ्यायचं ठरवलं होतं, कारण मध्येच तुटलेलं मला नको होतं. ती हिरवी रेघ पुढे सरकायला चाळीस मिनिटं लागली. खाली गावातून अधूनमधून एखाद्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजायची. पाऊण वाजता मी कानात बोंडकी घातली आणि डोळे मिटले.

खरं सांगायचं तर त्या रात्री मी नाराज होऊन उठलो.

वाजवणं अफाट होतं, त्यात शंका नव्हती. पण मी तेरा वर्षं ज्याची वाट पाहत होतो ती आरोळी आली नाही. कीननची ती छाती फाडून येणारी हाक, जिच्यासाठी होस्टेलवर आम्ही गाणं मागं घेऊन घेऊन ऐकायचो, ती जवळजवळ कुठंच नव्हती. तो शांत गात होता, लांबवून, थांबून थांबून. दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची गाणी, आणि मी प्रत्येकात पुढच्या वळणावर तो ओरडेल म्हणून ताठ होऊन बसलेलो. अडीचच्या सुमारास घरी आलो आणि ओसरीवर आडवा झालो. झोप लागली नाही. गेलं हे, असं वाटत राहिलं.

सकाळ पोळ्याची. बैल धुणं, शिंगं साळून हिंगूळ लावणं, झुली काढणं, ज्वारीचा ठोंबरा, पुरणपोळ्या. दुपारी जेवण उरकून आण्णा ओसरीवर टेकून बसले होते. त्यांनीच विचारलं, “आलं का तुझं ते?” मी छोटा स्पीकर आणला आणि पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला लांब ओढलेला एक सूर आहे, त्याच्याखाली तबल्यासारखा घुमारा येतो. आण्णा दहा-बारा सेकंदांत म्हणाले, “वाजवनारा शिकलेला हाय.” मग मी त्यांना दत्तांचं सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले.

मग गायक आला. मी म्हणालो, “आण्णा, याचा गळा गेलाय. पूर्वी हा असा ओरडायचा की...”

“वय किती त्याचं?”

“पंचावन्न.”

“गळा गेला न्हाई रे. सांभाळून गातोय. खालच्या सुरात कसा बसलाय बघ, हालंना. तरणं मानूस इतकं थांबू शकंल का?” मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, “मला आता द्रुतात हात जात न्हाई. म्हनून मी ठेका धरायचं सोडलं का?”

एक गाणं लावलं त्यात सातचा खेळ होता. या अल्बमभर सातचा आकडा आहे, गिटारवाला आणि बेसवाला दोघंही सात मात्रांच्या चाली घेऊन आले होते असं त्यांनी सांगितलं आहे. मी उत्साहानं म्हणालो, “रूपक!” आण्णांनी हात वर केला. “सात हायत. रूपक न्हाई. ह्यानं समेवर वजन टाकलंय. रूपकात तिथं मोकळं असतंय.”

संध्याकाळी बैल मारुतीच्या देवळाला फिरवून आणले. घरी परत आल्यावर आईनं ओवाळलं. रात्री मी पुन्हा टाकीवर गेलो, आता रेंजची गरज नव्हती तरी गेलो. ‘इन्व्हिन्सिबल’ हे गाणं मुद्दाम शब्द समोर ठेवून ऐकलं. म्हातारा होत चाललेला योद्धा, अजून मैदानात उभा, आपण उपयोगाचे उरलो का नाही याच्याशी झगडणारा. आदल्या रात्री मी याच गाण्यात त्याच्या ओरडण्याची वाट पाहत बसलो होतो. गाणारा स्वतः तेच सांगत होता आणि मी वीस वर्षांपूर्वीचा माणूस मागत होतो. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, आणि मग अल्बम सुरुवातीपासून लावला.

आमच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरांचं उतारवयातलं गाणं लोक जीव टाकून ऐकतात. त्यांना कुणी म्हटलं नाही की आता थांबा. रॉकवाल्यांनाच का म्हणायचं? एसी/डीसीचा माल्कम यंग २०१७ ला गेला, पण त्यानं करून ठेवलेल्या चालींवर भावानं, अँगसनं, २०२० ला अल्बम काढला. रोलिंग स्टोन्सनी २०२३ ला अठरा वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, त्यात २०२१ ला वारलेल्या चार्ली वॉट्सचे ड्रम दोन गाण्यांत आहेत. ‘क्युअर’चा २०२४ ला आला, सोळा वर्षांनी. हे मी वकिलाला आणि दुकानवाल्याला तावातावानं सांगतो. आमचं एकमत आहे की अशा अल्बमला पहिल्या ऐकण्यात हो किंवा नाही म्हणायचं नाही. दुकानवाल्यानं २०२३ च्या एप्रिलमध्ये मेटॅलिकाचा नवा अल्बम आला तेव्हा आठ दिवस कुणालाच मत सांगितलं नाही.

‘फिअर इनॉक्युलम’ची खास पेटी मला त्या दिवाळीनंतर मिळाली. आधी ज्या दुकानाकडे मागवली होती त्यांनी महिनाभर पैसे अडकवून ऑर्डर रद्द केली, मग होस्टेलच्या एका मित्रानं येताना आणली. तिच्या आत चार इंचांचा पडदा आहे, वायर लावून चार्ज करायचा, उघडला की चित्रं हलायला लागतात आणि इवल्या स्पीकरमधून सूर येतो. मला भिंगांचं कव्हर आठवलं. आण्णांनी पेटी चार वेळा उघडली, चार वेळा मिटली.

शेवटचं मोठं गाणं पंधरा मिनिटांच्या वर आहे. ‘टेम्पेस्ट’, पण इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी सातचा आकडा. त्यातली गिटारची मुख्य चाल एकवीस मात्रांची आहे. ती मला धरायला दीड वर्ष लागलं. लॉकडाऊनमध्ये शाळा, क्लास सगळं बंद असताना आम्ही सगळे गावी होतो, तेव्हा मी आणि आण्णा दुपारी तेच करत बसायचो. आण्णा म्हणायचे, “तीन सत्ते एकवीस. घाबरायचं कशाला.”

टूलचं पुढचं काय, कधी, याची वाट आता पुन्हा सुरू आहे. आण्णा चौऱ्याहत्तरचे आहेत, डाव्या मनगटाला सूज असते, डग्गा जास्त वेळ होत नाही. गेल्या पोळ्याला माझी लेक त्यांच्या पुढ्यात बसली होती. नऊ वर्षांची आहे. तिनं टाळी देत सात मोजले आणि पहिल्या मात्रेवर जोरात टाळी मारली.

“तिथं न्हाई,” आण्णा म्हणाले आणि तिचा हात धरून उलटा केला. “तिथं खाली हाय. तिथं नुसतं थांबायचं.”

तिनं पुन्हा सुरू केलं.